निळ्या डॉजचं गिऱ्हाईक

बंद पडायचंच होतं तर बहरीनच्या राजधानीत, मनामात पडावं. तिथे चार ओळखीची दुकानं आहेत, चहा मिळतो, कुणी ना कुणी ढकलायला हात लावतं. पण श्रावस्तीच्या लहानग्या गाडीनं मान टाकायला सित्रा निवडलं. आणि दुपारही कसली, तर समुद्रावरचं धुकं आणि वाळवंटातली धूळ यांनी मिळून सूर्य पार गिळून टाकलेला. फेब्रुवारी महिना. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गोदामं आणि पत्र्याच्या शेड, आणि माणूस म्हणून एक दिसेल तर शपथ.

तिनं बॉनेट उघडलं, आत पाहिलं, काही कळलं नाही म्हणून परत लावलं. ती मनामातल्या एका विमा कंपनीत कामाला होती, आणि विमा कंपनीतल्या माणसाला गाडीचं सगळं ठाऊक असतं, फक्त ती चालते कशी तेवढं सोडून. शेवटी पर्स खांद्याला अडकवून ती समोरच्या गॅरेजकडे निघाली. आत ठोकपीट चालू होती. ती दारात पोचली तोच ठोकपीट थांबली आणि आवाज आला –

“आवशीचो घोव...”

श्रावस्ती जागच्या जागी थांबली. हे अरबी नव्हतं, हिंदी नव्हतं, मल्याळमही नव्हतं. शब्द कळले नाहीत, पण शिवी घरच्याच भाषेतली आहे एवढं मात्र पक्कं कळलं.

एका मडगार्डमागून उंच, शिडशिडीत मुलगा उठून उभा राहिला. अंगठा तोंडात होता. तिला बघताच त्यानं तो पाठीमागे लपवला.

“मराठी?” तिनं विचारलं.

“मालवणी.” मग जरा ओशाळून तो म्हणाला, “म्हणजे... मराठीच. तुम्ही ऐकलंत?”

“ऐकलं. अर्थ सांगणार?”

“नाही,” तो म्हणाला. “पहिल्याच भेटीत नको.”

त्याचं नाव विनीत कदम. गाव कुडाळच्या जवळचं. इथे सात वर्षं डेंटिंग-पेंटिंग करत होता. आपण होऊन तो तिची गाडी बघायला निघालाही, पण श्रावस्तीचं लक्ष तोवर दुसरीकडेच गेलं होतं. शेडच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली काहीतरी लांबच लांब उभं होतं. तिनं विचारलं तर त्यानं ताडपत्री ओढली. १९७० सालची अमेरिकन गाडी, डॉज चॅलेंजर. लांब नाक, रुंद खांदे, नारिंगी रंगाचे पोपडे उडालेले, एका दारावर पोचे बुजवायला लांबी भरून घासलेली. त्यानं खिडकीतून हात घालून किल्ली फिरवली. आठ सिलिंडरचं इंजिन एकदा खोकलं आणि मग असं गुरगुरलं की पत्रे थरथरले.

आता या मुलीला त्या आवाजात काय सापडलं ते सांगायला हवं. तिचे बाबा, जगदीश मेश्राम, याच सित्रात तेलाच्या कंपनीत टेक्निशियन होते. आयुष्यभर कंपनीच्या बसनं आले, बसनं गेले. आपण इथे पाहुणे, आवाज करायचा नाही, हे त्यांनी तिला लहानपणापासून घोटवलं होतं. टीव्ही हळू, हसणं हळू, जिन्यावरून चालणंसुद्धा हळू. मागच्या वर्षी ते रिटायर झाले आणि आई-बाबा दोघं नागपूरला परतले. श्रावस्ती याच बेटावर जन्मलेली, नोकरीही इथलीच. ती मागे राहिली. मनामातल्या त्या दोन खोल्यांत आता टीव्ही हळू करा म्हणणारंही कुणी नव्हतं आणि ऐकणारंही नव्हतं. संध्याकाळी घरी गेलं की शांतता अशी अंगावर यायची की ती कपाटं उगाच उघडून बंद करायची. गेल्या वर्षभरात तिला सगळ्यात जास्त कशाची भीती वाटत असेल तर घरच्या दाराची. तिला ती गाडी हवीशी झाली, ती अगदी तिथल्या तिथे.

गॅरेजचा मालक अहमद दाराशी खुर्ची टाकून बसलेला असायचा. म्हातारा बहरिनी माणूस, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. गाडी त्याची, तरुणपणी हौसेनं घेतलेली. विकायची आहे, तो मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाला. ही शेवटची. ही गेली की गॅरेज बंद, मग हमद टाउनला मुलीकडे जाऊन राहायचं. सुहा रोज बोलावते.

“आणि हा?” श्रावस्तीनं मानेनंच विनीतकडे दाखवलं.

“हा पण जाणार. इसका व्हिसा मेरे गॅरेज का है.”

विनीत फडक्याला हात पुसत होता. म्हणाला, आईला शब्द दिलाय. कुडाळला हायवेला जागा बघून ठेवलीय, तिथे स्वतःचं गॅरेज टाकायचं. आई एकटी आहे, वाट बघून दमलीय. ही डॉज विकली की मी निघालो.

श्रावस्तीला एकदम वाईट वाटलं. भेटून अर्धा तासही झाला नव्हता, मग त्याच्या जाण्याचं वाईट वाटायचं कारण काय? तिनं मनाला तसं विचारूनही पाहिलं. 

लहानगी गाडी विनीतनं त्याच दिवशी चालू करून दिली. मग सुरू झाली खरेदी. असली खरेदी साऱ्या बहरीनमध्ये कुणी केली नसेल. श्रावस्ती दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, यायची आणि गाडीत एक खोट काढायची. दार कुरकुरतं. सीटला कुबट वास येतो. आरसा हलतो. विनीत प्रत्येक खोट गंभीरपणे ऐकून घ्यायचा, मान डोलवायचा आणि म्हणायचा, वेळ लागेल. दार तेलाच्या दोन थेंबांचं काम होतं. त्यानं ते पूर्ण उतरवून ठेवलं. अहमद पहिल्या शुक्रवारी “यल्ला, यल्ला, जल्दी” म्हणाला. तिसऱ्या शुक्रवारी त्यानं दोघांकडे डोळे बारीक करून पाहिलं आणि खुर्ची जरा पलीकडे सरकवली.

“तुम्हाला गाडी घ्यायचीय ना नक्की?” विनीतनं एकदा विचारलं.

“घ्यायचीय ना. काहून? दुसरं गिऱ्हाईक आलं का?”

“काहून,” त्यानं हळूच तो शब्द स्वतःशी म्हणून बघितला आणि हसला. “आलं तर सांगेन, आधीच ठरलीय.”

“ठरली कुठे? अजून पसंत आहे असं म्हटलं नाही मी.”

“मी गाडीबद्दल बोलत होतो.”

“मीही,” श्रावस्ती म्हणाली, आणि नसलेला डाग बघायला खाली वाकली.

रंगाचा विषय निघाला त्या दिवशी बाहेर धुळीचं वारं सुटलं होतं. शेडचं दार ओढून घेतलं होतं, आत ट्यूबलाइट लावावी लागली होती. नारिंगी नको, श्रावस्ती म्हणाली, निळा हवा. विनीतनं रंगांच्या शेडकार्डाचा पंखा तिच्यासमोर उलगडला. नेव्ही, आकाशी, मोरपंखी... ती नको नको म्हणत गेली.

“मग कुठला निळा?”

“आमचा निळा.”

मराठीत हे मोठं नाजूक प्रकरण आहे. आपला म्हटलं की समोरचा आत येतो आणि आमचा म्हटलं की तो उंबऱ्याबाहेर राहतो. विनीत बाहेर उभा राहिल्यासारखा थांबला.

“आमचा... म्हणजे?”

श्रावस्तीनं कार्ड मिटून ठेवलं. सांगून टाकावं, तिला वाटलं. आता सांगितलेलं बरं. “नागपूरला आमच्या गल्लीच्या तोंडाशी बाबासाहेबांचा पुतळा आहे. त्यांच्या कोटाचा निळा.”

पुढे काय होतं ते तिला माहीत होतं. माणसं वाईट काही बोलत नाहीत, फक्त आवाज बदलतो. एकदम फार अदबशीर होतात. आमच्याकडे असलं काही मानत नाहीत, असं न विचारता सांगतात. मग हळूहळू फोन कमी होतात. विनीतचा आवाज बदलायची ती वाट बघत राहिली, आणि बदलू नये असं तिला इतकं वाटत होतं की तिची तिलाच भीती वाटली.

विनीत विचारात पडला होता. शेडकार्ड परत उघडत म्हणाला, “कोटाचा... उन्हातला की सावलीतला?”

 “उन्हातला,” ती म्हणाली. आवाज तिचाच बदलला होता.

पुढच्या शुक्रवारी तिनं डबा आणला. सहज आणला, असं तिनं स्वतःला सांगितलं. नागपुरी ठेचा, भाकरी, वांग्याची भाजी. विनीतनं पहिल्या घासाला ठेचा घेतला आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. थिनरचा वास चढलाय, तो म्हणाला, आणि हटवादीपणानं सगळा ठेचा संपवला. भाकरीच्या शेवटच्या तुकड्यानं डबाही पुसून घेतला. त्या दिवसापासून दोघांतलं ‘अहो-जाहो’ गेलं. कुणी आधी सोडलं ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

पण निळा काही जमेना. एकदा तो शाळेच्या युनिफॉर्मचा झाला, एकदा नीळ जास्त झालेल्या धोतराचा. विनीत पत्र्याच्या तुकड्यावर रंग मारून आणायचा, श्रावस्ती डोकं हलवायची, तो सुस्कारा सोडायचा. मार्च आला. हवा जड झाली. एका शुक्रवारी तो पुढे काम करत होता आणि ती पिशवी ठेवायला म्हणून डिकी उघडायला गेली. झाकणाच्या आतल्या बाजूला वीतभर चौकोन रंगवलेला होता. तोच निळा. तिच्या गल्लीच्या तोंडाचा, दुपारच्या उन्हातला. रंग पार वाळून कडक झाला होता.

“हा कधी मारलास?”

विनीत हातातल्या काचकागदाची घडी घालत राहिला. “पहिल्याच दिवशी.”

“आणि बाकीचे?”

“ते बिघडवायला जास्त मेहनत पडली.” तो वर बघेना. “रंग झाला असता तर गाडी झाली असती. गाडी झाली असती तर तू घेऊन गेली असतीस. मग मी... तिकीट काढलं असतं.”

ट्यूबलाइट चुरचुरत होती. श्रावस्तीनं डिकी हलक्या हातानं बंद केली, जणू आत कुणी झोपलंय. “दाराचं कुरकुरणं मला कधी ऐकूच आलं नव्हतं,” ती म्हणाली. “आरसाही हलत नव्हता.”

“माहीत आहे.”

“मग दार उतरवलंस कशाला?”

“तू सांगितलंस म्हणून.”

ती हसली, तोही हसला. त्यानं तिचा हात धरला नाही, कारण त्याच्या हाताला रंग होता. तिनंच त्याच्या मनगटाला, जिथे रंग नव्हता तेवढ्या जागेवर, बोटं टेकवली. इतकं सुख तिला गेल्या वर्षभरात झालं नव्हतं. आणि ते किती थोडं टिकणार हेही तिला त्याच वेळी दिसत होतं. बाहेर खुर्चीवर अहमद खोकला, उगाचच.

मग स्टुलावरचा फोन वाजला. विनीतच्या आईचा, मथुराबाईंचा. त्याचे हात रंगानं भरलेले, म्हणून श्रावस्तीनंच बटण दाबून स्पीकर लावला आणि फोन त्याच्या तोंडाशी धरला. आई आधी जेवणाचं बोलली, मग आंब्याच्या मोहराचं, मग कधी येतोस. विनीतनं श्रावस्तीकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी ठरत गेलेलं तिला दिसलं.

“आये,” तो म्हणाला, “माका एक चेडू आवडलाहा.”

चेडू म्हणजे मुलगी, एवढं श्रावस्तीला एव्हाना ठाऊक झालं होतं. मग म्हातारीचा आवाज उजळला. “खयचा रे?”

“हयचाच. बहरीनचा. श्रावस्ती नाव.”

“नाव बरा आसा.” थोडं थांबून, “आपल्यातला मां?”

मालवणी श्रावस्तीला फारशी येत नव्हती. हे मात्र तिला मुळाक्षरांसारखं कळलं. तिनं विनीतकडे पाहिलं. विनीत तिच्याकडे बघून मनापासून हसला आणि म्हणाला, “व्हय. आपल्यातलाच.”

आईनं देवाचं नाव घेतलं. फोन संपला. विनीत तसाच हसत उभा होता, हातावर काही ठेवल्यावर लहान मूल बघतं तसा. श्रावस्तीनं फोन स्टुलावर ठेवला.

“काय सांगितलंस त्यांना?”

“खरं तेच. माझी झालीस म्हणजे आपल्यातलीच की. त्या दिवशी तू आमचा म्हणालीस, आज मी आपला म्हटलं.”

“त्यांनी ते विचारलं नव्हतं.”

विनीतचं हसू हळूहळू उतरलं.

“त्यांनी काय विचारलं ते तुलाही कळलं आणि मलाही,” ती म्हणाली. “आणि तू हो म्हणालास.”

“फोनवर कसं सांगायचं, श्रावस्ती? वय झालंय तिचं. घरी गेलो की सावकाश सांगेन.”

“सावकाश.” तिनं पर्स उचलली. “माझ्या आजीलाही विहिरीवर हेच सांगायचे. जरा थांब, सावकाश, आमचं भरून होऊ दे.”

“मी तुला आत घेतलं. बाहेर नाही ठेवलं.”

“मला पुसून आत घेतलंस. मला आहे तशी यायचंय, विनीत. नाहीतर यायचं नाही.”

 मग दुखावल्या आवाजात त्यानं विचारलं, “तू सांगितलंस तुझ्या घरी?”

“माझ्या घरी असले प्रश्न कुणी विचारत नाही,” श्रावस्ती म्हणाली, आणि निघाली.

दोन शुक्रवार ती गेली नाही. विनीतचे मेसेज आले, ते तिनं वाचले, उत्तर दिलं नाही. राग होता तसा होता, पण रागापेक्षा वाईट हे होतं, की त्याचा चेहरा तिला दुष्ट माणसाचा म्हणून आठवेना. तो आठवायचा तो ठेच्यानं डोळे भरलेला. तो दुष्ट असता तर बरं झालं असतं. ऑफिसातून घरी आली की दिवा न लावता ती खिडकीशी बसून राहायची. खाली बाबुल बहरीन या जुन्या वेशीच्या बाजूनं येणाऱ्या गाड्या एकामागून एक जायच्या, आणि एखादी जरा मोठ्यानं गुरगुरली की ती उठून खाली वाकून बघायची.

शेवटी अहमदचा फोन आला. तो तक्रार करत नव्हता. डोळ्याचं ऑपरेशन आहे, मुलगी बोलावतेय, गाडी घ्यायची असेल तर घे आणि नसेल घ्यायची तर तसं सांग, बेटी, मी बसलोय. मी बसलोय हे त्यानं इतक्या साधेपणानं म्हटलं की श्रावस्तीला आपली लाज वाटली. तिचं आणि विनीतचं जे काही होतं, त्यापायी एक म्हातारा उन्हात खुर्ची टाकून बसला होता.

ती गेली तेव्हा गाडी शेडच्या बाहेर काढून ठेवलेली होती. पूर्ण निळी. इतकी जमलेली, की बघून तिला रडू यायला लागलं आणि तिनं गॉगल लावला. विनीत आतल्या अंगाला हत्यारं पेटीत भरत होता. त्यानं मान वर केली आणि परत खाली घातली. मालकी बदलायचं सरकारी काम अहमदनं आणि तिनं जाऊन उरकलं. परत आल्यावर अहमदनं चावी तिच्या तळहातावर ठेवली, तिची बोटं मिटवली आणि म्हणाला, “खलास.” मग विनीतकडे बोट दाखवून आपल्या हिंदीत, “मंगळवारी दुपारी याचं विमान आहे. तू सोडून ये. माझी नजर नाही, नाहीतर मीच गेलो असतो.” म्हाताऱ्याला नाही म्हणायची सोय नव्हती. नाही म्हणावं असं तिला खरं तर वाटतही नव्हतं.

मंगळवारी पाऊस आला. या बेटावर पाऊस वर्षातून दोन-चारदा येतो, आणि आला की रस्त्यांना काय करावं ते सुचत नाही. चौकाचौकात तळी साचली होती. डॉज त्यातून पाणी फाडत चालली. पुलावरून जाताना दोन्ही बाजूंचा समुद्र आणि वरचं आभाळ एकाच मळक्या रंगाचं झालं होतं, आणि त्यात रंग असा म्हणायला ही एकटी गाडीच होती. सिग्नलला शेजारच्या गाडीतल्या पोरांनी काच खाली करून अंगठे दाखवले. श्रावस्तीचं लक्ष नव्हतं.

विनीत मांडीवर बॅग घेऊन बसला होता. “तुझ्या बाजूच्या दाराचं रबर अजून नीट बसलं नाहीय,” तो म्हणाला. “बदलून घे.”

“घेईन.”

“उन्हाळ्यात लांबचा पल्ला नको. इंजिन तापतं.”

“बरं.”

“रात्री झाकून ठेवत जा. समुद्राची हवा पत्रा खाते.”

“विनीत,” ती म्हणाली, “गाडीचं पुरे.”

मग विमानतळ येईपर्यंत वायपरचा आवाज तेवढा होता.

प्रवाशांना उतरवायच्या जागी तिनं गाडी लावली. तो उतरला, बॅग फुटपाथवर ठेवली, दोन पावलं गेला आणि परत आला. पावसात तिच्या खिडकीशी उभा राहिला. खिशातून फोन काढला.  तिनं काच पूर्ण खाली केली.

“आये,” तो म्हणाला, “विमानतळावर आसय. आयक. त्या दिवशी मी तुका खोटा सांगितलंय.” पाणी त्याच्या कपाळावरून डोळ्यांत उतरत होतं, पुसायचंही त्याला सुचलं नाही. “तां चेडू आपल्यातला न्हय. बौद्ध आसा. माका तांच व्हया.”

श्रावस्तीनं स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं. पलीकडे काय बोललं गेलं ते तिला ऐकू आलं नाही. विनीतनं फोन कानापासून दूर करून बघितला.

“ठेवला तिनं.”

त्यानं परत लावला. घंटी वाजत राहिली, कुणी उचलला नाही. त्यानं फोन खिशात टाकला. चेहरा पांढराफटक पडला होता, पण नजर आता इकडेतिकडे पळत नव्हती.

“आता?” तिनं विचारलं.

“आता घरी जाईन. दार उघडलं तर आत, नाहीतर पडवीत बसेन. तिनं बोलायला सुरुवात केली की तुला फोन करेन. आधी नाही करणार, कारण मग मी तुला पुन्हा काहीतरी गोड सांगेन.” तो थांबला. “किती दिवस ते मला सांगता येत नाही.”

“लागू देत.” मग तिनं बोलून घेतलं. “मला तू आवडतोस. मी निघून गेले तेव्हाही आवडत होतास. राग आला म्हणून ते कमी झालं नव्हतं.”

त्यानं खिडकीतून हात आत घालून तिच्या हातावर ठेवला. हात गार होता आणि पहिल्यांदाच रंग नसलेला होता. मागून पोलीस आला, गाडी हलवा म्हणाला, यल्ला, यल्ला. विनीतनं बॅग उचलली आणि काचेच्या दारातून आत गेला. मागे वळून बघितलं नाही, आणि तिला ते बरंच वाटलं. बघितलं असतं तर तिनं त्याला थांब म्हटलं असतं.

तिनं गाडी पार्किंगला नेली आणि इंजिन बंद केलं. पाऊस टपावर वाजत होता. आई-बाबांना आज सांगून टाकावं, तिला वाटलं. त्यानं इतकं केलं तर आपण निदान तेवढं करावं. आपल्या घरी काय, अवघड नाहीच. तिनं नागपूरला फोन लावला. बाबांनीच उचलला.

“बाबा, एक मुलगा आहे,” ती म्हणाली.

पलीकडे टीव्ही बंद झाल्याचं तिला कळलं. बाबांनी आईला, सुमनबाईंना, हाक मारली. मग विचारलं, काय करतो. गाड्या रंगवतो, ती म्हणाली. हातात कला असलेला माणूस उपाशी राहत नाही, बाबा म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरंच खूश होता. गाव कोणतं, नाव काय.

“कुडाळचा आहे. विनीत कदम.”

“कदम,” बाबांनी नाव जरा जिभेवर घोळवलं. कदम मराठ्यांतही असतात आणि बौद्धांतही. कोकणात तर आपल्यातलेही पुष्कळ, ते म्हणाले. “म्हणजे समाजातलाच असेल ना गं?”

मागे आई काहीतरी विचारत होती, आणि बाबा तिला हसून सांगत होते, थांब, सांगतेय ती. किती दिवसांनी ती दोघं अशी हसत होती. एवढंसं हो म्हणायचं. पुढचं घरी गेल्यावर, समोर बसून, सावकाश सांगता येईल. तिची जीभ त्या हो पर्यंत अगदी जाऊन पोचली होती.

“नाही, बाबा,” श्रावस्ती म्हणाली.

पलीकडचं हसणं थांबलं. तिनं फोन कानाला तसाच धरून ठेवला.